फाइलीचं आडनाव

“हे बी कपड्याचं नाही निघालं,” मोनिकाच्या काउंटरवर चष्मा ठेवत जागेश्वर म्हणाला.

“आता शोधाले काय टाकलं होतं, काका?”

“शटल. म्हटलं, मागावरच्या धोट्याले इंग्रजीत तेच म्हणतेत. तं ते इथली फाइल तिथं नेऊन टाकते म्हणे. मले कुठं न्यायची हाये? माही फाइल घरातच उघडून नाही राहिली.”

मोनिकाचं भंडाऱ्यात ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. पंधरा दिवसांपूर्वी तिनंच एका वेबसाइटचा पत्ता कागदावर लिहून दिला होता. जगभरची मुक्त सॉफ्टवेअर तिथं भाजीबाजारासारखी मांडलेली. भाव मात्र कशावरच नाही. त्यामुळे जागेश्वरला आधी संशय आला.

“फुकट देऊन राहिले तं सडकं असंल.”

“फुकट नाही काका, मुक्त. आत कसं बनवलं ते बी पाहता येते, पायजे तं बदलता येते.”

“म्हंजे आपल्या हातमागासारखं. झाकलेलं काहीच नाही,” जागेश्वर म्हणाला, आणि त्याचा विश्वास बसला.

अडलं होतं ते श्यामरावांपायी. श्यामराव साडीच्या काठाची नक्षी काढायचे, जागेश्वर विणायचा. चाळीस वर्षं. शेवटी विणकर संस्थेच्या प्रशिक्षणात श्यामराव ग्राफ कागद सोडून कॉम्प्युटरवर नक्षी काढायला शिकले, आणि एक नवा करवती काठ काढून, तो न दाखवताच गेले. “पूर्ण होऊ दे, मंग पाहजो,” एवढंच म्हणाले होते. वर्षश्राद्ध झाल्यावर त्यांच्या बायकोने, चंद्रकांतावहिनींनी, कॉम्प्युटर जागेश्वरच्या घरी पाठवून दिला. फाइल आत होती. पण ती उघडणाऱ्या सॉफ्टवेअरचा परवाना मालकाआधीच संपलेला. आता तो काठ जगात एकाच डब्यात होता, आणि डबा रोज सुरू होताना खोकत होता.

म्हणून जागेश्वर शोधत होता. ‘लूम’ टाकलं, तर व्हिडिओ काढायचं निघालं. ‘थ्रेड’ म्हणजे लोकांनी एकमेकांशी घातलेला वाद. ‘निट’ने, म्हणजे विणण्याने, अहवाल लिहायची तयारी दाखवली. जगातल्या कॉम्प्युटरवाल्यांनी विणकरांचे सगळे शब्द उचलून नेले होते. विणकाम तेवढं इथंच राहू दिलं होतं.

“काका, धाग्यादोऱ्याचं नाव नोका टाकू,” मोनिका म्हणाली. “फाइलचं आडनाव टाका.”

“फाइलले आडनाव असते काय?”

“असते ना. टिंबाच्या मागं तीन अक्षरं. त्याच्यावरून समजते कोणाच्या घरची हाये ते.”

“मंग पोटजात बी असंल.”

“ते तुमी पाहजा,” मोनिका म्हणाली, आणि पुढच्या माणसाचा उत्पन्नाचा दाखला घेतला.

घरी येऊन जागेश्वरने तीन अक्षरं टाकली. यादीत एकच नाव आलं. एकही तारा नाही, एकही अभिप्राय नाही, शेवटची दुरुस्ती नऊ वर्षांपूर्वीची. खाली बनवणाऱ्याने इंग्रजीत काही लिहिलं होतं. मोबाइलने त्याचं मराठी करून दिलं: ‘आता माझ्याकडे माग नाही. कोणाला हे पुढे चालवायचे असल्यास घ्यावे.’

जागेश्वरने ते वाक्य दोनदा वाचलं. मग म्हणाला, “बरं.” आणि घेतलं.

दुपारी तीनला फाइल उघडली. करवतीचे दात नेहमीचेच, पण दर दोन दातांच्या मध्ये धानाची एक बारीक लोंबी, किंचित वाकलेली. बेचाळीस ओळी. एकही अर्धवट नव्हती. पूर्ण करूनच गेले होते श्यामराव. फक्त सांगायचं राहिलं होतं.

“लोंबी काहून वाकवली बे?” जागेश्वरने विचारलं. विचारल्यावर त्याच्या लक्षात आलं, की भरलेली लोंबी वाकतेच.

आता नक्षी मागावर चढवायला दोऱ्या बांधायच्या. हे काम दोघांचं. एकाने नक्षीसमोर बसून ओळ वाचायची, “तीन सोड, एक घे.” दुसऱ्याने मागाच्या पाठीमागे दोरी बांधून म्हणायचं, “घेतली.” ते ऐकल्याशिवाय वाचणाऱ्याने पुढं जायचं नाही. वाचायचे नेहमी श्यामराव.

जागेश्वर खुर्चीवर बसला. घसा साफ करून मोठ्याने वाचलं, “तीन सोड, एक घे.” मग उठला, आठ पावलं चालून मागामागे गेला, दोरी बांधली.

“घेतली,” म्हणाला.

आणि परत येऊन खुर्चीवर बसला.

दिवेलागणीपर्यंत दहा ओळी झाल्या. गुडघे बोलू लागले होते. अकराव्या ओळीला त्याने मागामागे जाऊन नुसतंच म्हटलं, “घेतली.” हात वर गेलाच नव्हता. खुर्चीपर्यंत आला आणि तिच्या पाठीवर हात ठेवून थांबला. घरात विचारणारं कोणी नव्हतं.

तो वळला, आठ पावलं परत गेला, आणि दोरी बांधली.