एका ताटात

काळूराम माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्याला नको नको ते बोलाल.

पनवेल बंदराच्या अलीकडे खाडीच्या काठाला पन्नास-साठ घरांचा आगऱ्यांचा पाडा होता. देश स्वतंत्र होऊन पाच-सहा वर्षं झाली होती, पण पाड्यावर अजून कोर्टापेक्षा पंचांचा शब्द चालायचा, आणि पंचांत शब्द चालायचा तो काळूरामचा. उन्हाळ्यात मिठागर, पावसाळ्यात भातशेती आणि बाराही महिने लोकांची भांडणं. भांडायची नव्हे हो, मिटवायची! दोन भाऊ बांधावरून बोलेनासे झाले की तो दोघांना घरी बोलवायचा, माजघरात बसवायचा, दार ओढून घ्यायचा आणि मध्ये एकच परात ठेवायचा. परातीत भात, वर निवट्यांचं, म्हणजे खाडीच्या चिखलातल्या मासळीचं, झणझणीत कालवण. स्वतः आतल्या अंगाने दाराला टेकून बसायचा. "जेवल्याबिगर कोन उठायचा नाय," म्हणायचा. एका ताटात जेवलेल्यांनी वैर धरायचं नाही, ही पाड्याची वाडवडिलांपासूनची रीत. आधी दोघं भिंतीकडे बघत बसत, मग एकाचा हात पुढे होई, मग दुसऱ्याचा. गेल्याच शिमग्याला त्याने दयाराम आणि काशीराम या सख्ख्या भावांना असं जेवू घातलं होतं. ती गोष्ट तो भेटेल त्याला सांगायचा. ऐकणाऱ्याने आधी ऐकली असली तरी सांगायचा.

घरात तो आणि त्याची बायको ठमाबाई. एकुलती लेक मालू गव्हाणला दिलेली. शिवाय खंड्या नावाचा एक म्हातारा कुत्रा आणि भुरी मांजर. भुरी चौदा वर्षांची. मिठागराचं काम लागलं की काळूराम पहाटे जायचा तो दिवेलागणीला यायचा, आणि लेक सासरी गेल्यापासून ठमाबाई दिवसभर बोलायची ती भुरीशीच. "आज कालवणात आंबट जास्त झालं का गो?" असं विचारायची, आणि भुरी तोंड वर करून काहीतरी उत्तर द्यायची. दात पडले तसं ठमाबाई तिला मासळी काटे काढून बोटाने मऊ करून भरवायला लागली. काळूराम हसायचा. "लेकीला तरी एवढी भरवली होतीस का?" म्हणायचा.

त्या साली कार्तिकात भात झोडून कणग्यात भरलं आणि उंदरांनी उच्छाद मांडला. बियाण्याचं भात वेगळं ठेवलेलं, त्यालाही भोक पडलं. भुरी बघत बसायची. तिच्या नाकासमोरून उंदीर जायचे.

"दुसरं मांजर आनायला पायजे," ठमाबाई म्हणाली. "पन बेतानं."

"त्यात बेत कसला? बंदरावर पडल्यात ढीगभर," काळूराम म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी सुकटीचं आमिष दाखवून, हात ओरबाडून घेऊन, एक पोत्यात घालून घेऊनही आला.

तांदळाच्या वखारीमागे जन्मलेली, माणसाचा हात कधी न लागलेली काळी मांजरी ती. एक कान फाटलेला, अंगावर मूठभर मांस नाही, आणि डोळ्यांत नुसता जाळ. काळूरामने लगेच नाव ठेवलं, बंदरकरीण. पोतं सोडल्याबरोबर ती मागच्या उघड्या पडवीत लाकडांच्या ढिगामागे गेली आणि दोन दिवस दिसलीच नाही.

ठमाबाईने पडवीचं दार लावून घेतलं. दाराच्या अलीकडे भुरीची थाळी, पलीकडे बंदरकरणीची. दोन्ही थाळ्या दारापासून चार-चार हात लांब. रोज एक एक वीत जवळ सरकवायच्या. भुरी ज्या तरटावर निजायची त्याचा तुकडा फाडून तिने पडवीत टाकला, आणि बंदरकरीण ज्यातून आली ते पोतं भुरीच्या जागेवर आणून ठेवलं.

"हे काय थेर?" काळूरामने विचारलं.

"नवीन कोंबडी आनली का तिला पहिले दहा दिवस डालग्याखाली ठेवतो ना? बाकीच्या येऊन बघून जातात, वास घेतात. मग सोडली तर टोचत नायत. तसंच हे. घाई केली का संपलं."

"मांजरांना कुठं एवढं कलतं?"

ठमाबाई थाळी पुसत होती. ती थांबली. "मी या घरात आले तवा मला कोनी दहा दिवस दिले नायत," ती म्हणाली. "पहिल्याच सकाली तुमच्या आयनं चुलीफुडं बसवली नि सगली बघत उभी राहिली. वरीसभर माझा घास गल्याखाली उतरत नव्हता. तुमाला ठावं पन नाय."

काळूरामला खरंच ठाऊक नव्हतं. त्याला वाटलं होतं, बायको पहिल्यापासून सुखात आहे. पण तेव्हा तो विषय त्याने तिथेच सोडला.

सहाव्या दिवशी गव्हाणहून निरोप आला की मालू बाळंत झाली, मुलगा आहे, घरात करणारं बाईमाणूस नाही. ठमाबाईने गाठोडं बांधलं. निघताना उंबऱ्यात उभी राहून तिने काळूरामला तीनदा बजावलं. "थाल्या रोज एक वीत. दार उघडायचं नाय. मी पाचवी करून दोन दिवस राहून येते, तवर याच्या फुडं काय करू नका. माझ्या गल्याची आन हाय तुमाला."

"जा गो बाय, जा. मी काय लहान पोर हाय?"

दोन दिवस त्याने शब्द पाळला. वीत मोजून थाळ्या सरकवल्या. बंदरकरीण आता त्याच्यासमोर येऊन खायची. भुरी दाराला नाक लावून बसायची आणि गुरगुरायचीसुद्धा नाही. झालं! काळूरामच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. दोघींचं जमलेलंच दिसतंय की! ठमा परत येईल तेव्हा दोघी एका तरटावर निजलेल्या दिसल्या तर? ती डोळे विस्फारून म्हणेल, अवो, हे कसं केलंत? आणि आपण ओटीवर बिडी ओढत म्हणायचं, अगं, माणसं जमवली, मांजरांचं काय एवढं? एवढंच हवं होतं हो त्याला. तेहतीस वर्षांच्या संसारात तिने त्याच्या पंचपणाचं एकदाही कौतुक केलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने निवट्यांचं कालवण केलं, मांजरांसाठी म्हणून बिनतिखटाचं. परातीत भात कालवला आणि परात माजघराच्या मधोमध ठेवली. खंड्याला बाहेर बांधलं, ओटीकडचं दार ओढून कडी घातली, आणि मग पडवीचं दार उघडलं. बंदरकरीण वासाने हळूच आत आली. ती आत आल्याबरोबर त्याने तेही दार लावलं आणि त्याला पाठ टेकून बसला.

"जेवा आता," तो म्हणाला. "जेवल्याबिगर कोन उठायचा नाय."

भुरी परातीशी होती. तिने मान वर केली. बंदरकरणीने आधी भुरीकडे पाहिलं, मग बंद झालेल्या दाराकडे, मग दुसऱ्या बंद दाराकडे. जन्मात चार भिंतींत न कोंडलेलं जनावर ते. तिला वाटलं असेल, आता आपला जीव जातो. आणि तिच्यासमोर एकच जीव होता, ज्याच्यावर ती झडप घालू शकत होती.

पुढचं काळूरामला नीट सांगताही यायचं नाही. परात उलटली. काळं आणि भुरं एकच गाठोडं होऊन माजघरभर आपटत होतं, आणि भुरीचा आवाज, चौदा वर्षांत कधी न ऐकलेला, बाईमाणसाच्या किंकाळीसारखा. बाहेर खंड्या दोरी तोडायला बघत भुंकत होता. काळूराम "हाड! हाड!" ओरडत उठला, भातावरून पाय घसरून पडला, पुन्हा उठला आणि कसाबसा ओटीकडच्या दाराशी पोचला. कडी निघेना. जेवायला बसवलेल्या लोकांनी उठून जाऊ नये म्हणून त्यानेच ती घट्ट करून घेतली होती.

दार उघडलं तशी बंदरकरीण त्याच्या पायांतून बाणासारखी सुटली ती थेट खाडीकडे. ती पुन्हा कुणाला दिसली नाही.

भुरी कणग्यामागे होती. डावा डोळा रक्ताने बरबटलेला. काळूराम गुडघ्यांवर बसला, हात पुढे करून म्हणाला, "ये गो बाय, ये. गेली ती." भुरीने त्याचा हात तोंडात धरला आणि जीव खाऊन चावली. दात नव्हते, म्हणून काही लागलं नाही. मग तीही बाहेर पडली.

तीन दिवस तो शोधत हिंडला. खाडीकाठच्या दलदलीच्या खाजणात, गवताच्या गंजीत, बंदराच्या वाटेवर. पाड्यावरची माणसं आधी हसली, मग त्याचं तोंड बघून गप्प झाली. तिसऱ्या दिवशी काशीराम बरोबर आला. बांधावरून चालता चालता काळूराम एकटाच बडबडत होता, "जेवली असती रे दोगी. एक घास खाल्ला असता ना, मग काय नव्हतं. तुमी दोगं कशी जेवलात, आठव."

काशीराम थांबला. मग म्हणाला, "काका, रागावू नका. आमी जेवलो, कारन तुमी दार लावून बसला होता. तुमच्या म्होरं उठायची कोनाची छाती? घर गाठलं नि मना ओकारी झाली. तवापासून दयाराम वरच्या वाटेनं जातो, मी खालच्या. पोरांना पन एकमेकांच्या दारात जाऊ देत नाय."

"मग मना सांगितला का नाय?"

"तुमी विचारला कवा?"

काळूराम तिथेच बांधावर बसला. आजवर जेवू घातलेले सगळे एकेक करून त्याच्या डोळ्यांसमोर आले. त्यांतल्या एकाच्याही घरी तो नंतर गेला नव्हता. परात घासून ठेवली की त्याच्या लेखी तंटा मिटलेला असायचा. मोठा पंच! त्याला स्वतःची लाज वाटली, इतकी की काशीरामकडे मान वर करून बघवेना.

ठमाबाई आली ती नातवाच्या आनंदात. "नाक तुमच्यावर गेलंय," ओटीवर चढताच म्हणाली. काळूरामने तिला पुढे बोलू दिलं नाही. सगळं सांगून टाकलं, काही लपवलं नाही. शपथ मोडली तेही म्हणाला.

ती गाठोडं हातात तसंच धरून ऐकत राहिली.

"तुमी मानसांना जेवायला बसवता," शेवटी ती म्हणाली, "ती जेवून आपापल्या घरी जातात. तिचं घर हेच होतं. ती उठून कुठं जानार होती?"

मग ती पुढच्या अंगणात उतरली आणि भुरीला हाका मारायला लागली. तिसऱ्या हाकेला समोर राहणाऱ्या जनीच्या घरामागच्या सरपणातून भुरी बाहेर आली. हाडं दिसत होती, डोळा मिटून गेला होता. तीन दिवस काळूराम त्याच सरपणाशेजारून ओरडत गेला होता. त्याच्या हाकेला ती आली नव्हती.

ठमाबाईने तिला पोटाशी धरून घराकडे आणलं. ओटीपर्यंत ती निमूट आली. उंबरा दिसला मात्र, तिने ठमाबाईचा दंड ओरबाडला, उडी मारली आणि जनीच्या घरात शिरली. दुसऱ्या दिवशी तेच. आठ दिवसांनी पुन्हा तेच. "ऱ्हाऊ दे गो माझ्याकडं," जनी म्हणाली. "एवढीशी तर खाते." तेव्हापासून ठमाबाई दोन वेळा मऊ केलेली मासळी घेऊन समोर जायची आणि तिथेच बसून भुरीशी बोलायची. इकडे खंड्या ओटीवर समोरच्या घराकडे तोंड करून पडून असायचा. उंदरांनी बियाण्याचं भात संपवलं.

काळूराम आपल्या परीने खूप झटला. बंदरावरून चांगल्यातली कोळंबी आणायचा, जनीच्या अंगणात लांब ठेवायचा आणि मागे सरायचा. भुरी एका डोळ्याने त्याच्याकडे बघायची आणि आत निघून जायची. कोळंबी कावळे न्यायचे. तंटे घेऊन माणसं आली की तो हात जोडायचा. "मना त्यातलं काय कलत नाय बाबा," म्हणायचा. लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याला गर्व झाला.

माघात मिठागरं सुरू झाली. एका दुपारी काळूराम भाकरी खायला घरी आला होता, तेवढ्यात जनी धावत ओटीवर आली.

"ठमाबाय, चल गो. तिचं काय खरं नाय आता."

ठमाबाई हातातलं काम टाकून उठली. काळूरामही ताटावरून उठला, हात धुतला न धुतला, खुंटीवरची टोपी काढली आणि तिच्यामागे निघाला. ठमाबाई पायरीवर थांबली.

"तुमी नका येऊ," ती म्हणाली. रागाने नाही, अगदी हळू.

"मी लांबनं बघीन गो. आत पन येनार नाय."

"तुमाला बघितलं तर ती उठून पलायला बघंल. आता तिच्यात पलायची ताकद नाय." तिने डोळ्यांना पदर लावला. "बसा तुमी. जेवून घ्या."

काळूरामने टोपी परत खुंटीला लावली आणि तो ओटीवर बसला. समोरच्या घरातून ठमाबाईचा आवाज येत होता. ती भुरीला काहीतरी सांगत होती, मध्येच काही विचारत होती. मग आवाज यायचा थांबला. तरी काळूराम जागचा उठला नाही.