नात्याचा रकाना

शुभ्राला टोकियोच्या एका मुलींच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, पण वसतिगृहाच्या अर्जावर जामीन म्हणून जपानमध्ये राहणाऱ्या कुणाची तरी सही हवी होती. गुरुवारपर्यंत सही नाही, तर खोली नाही. आणि खोलीशिवाय पोरीला पाठवायला मी काही तयार नव्हते.

नवऱ्याचा मावसभाऊ सिद्धांत योकोहामात असतो. दर सुट्टीत दुबईला येतो आणि अल मनखूलच्या आमच्या घरी आठ-आठ दिवस पुरणपोळ्या चापतो. "वहिनी, माझं पीआर, तिथे कायम राहायची परवानगी, पेंडिंग आहे, रिस्क नको," म्हणाला. खाल्ल्या मिठाला जागणं सगळ्यांना थोडंच जमतं! इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं, तर छत्तीस जणांनी नुसते जोडलेले हात पाठवले.

सिलिकॉन ओएसिसच्या ऑफिसात माझ्या शेजारी हान बसते. ती कोरियन. तिला मी यातलं काहीच कळू दिलं नव्हतं. जपान्यांनी कोरियावर राज्य केलेलं, त्यांचं नाव काढलं तर बाई दुखावेल, असं मीच परस्पर ठरवून टाकलं होतं. मुलगी कुठे चाललीय, असं तिने विचारलं तेव्हा 'सिंगापूरला' असं बेधडक ठोकून मोकळी झाले होते.

बुधवारी सकाळी तो अर्ज प्रिंटरवर राहिला आणि नेमका हानच्या हाती लागला. चोराच्या मनात चांदणं! तिने काही विचारायच्या आत मी सॉरी सॉरी करत सगळं सांगून टाकलं.

हान रागावली नाही. "विभा, माझी आजी तिथेच शिकली. आमचा देश त्यांच्या ताब्यात होता तेव्हा. त्यांच्या सरकारने तिला नावसुद्धा बदलायला लावलं. आणि तिला जामीन राहिली ती साएकी नावाची एक जपानी शिक्षिका. आमच्या घरी दोन्ही लक्षात ठेवतात, ते सरकारही आणि साएकीबाईही. त्यांच्या नातीला मी दर नवीन वर्षाला पत्र पाठवते. विचारू तिला?"

"पण मी तुझ्याशी खोटं बोलले गं."

"बोललीस. त्यावर नंतर भांडू. यल्ला, चल, आधी फॉर्म स्कॅन कर."

गुरुवारी दुपारी अर्ज सही होऊन परत आला. सोबत दोन ओळी होत्या: 'आजी गेल्यापासून आमच्याकडे सही मागायला कुणी आलं नव्हतं. तुम्ही विचारलंत, आभारी आहे.' आभारी म्हणे! मी स्क्रीनसमोरच हात जोडले.

अर्जात 'विद्यार्थिनीशी नातं' असा एक रकाना होता. सिद्धांतला तिथे 'काका' लिहिता आलं असतं. साएकीबाईंच्या नातीने तेवढ्याशा जागेत बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'माझ्या आजीच्या विद्यार्थिनीच्या नातीच्या मैत्रिणीची मुलगी.'

फोन करून शुभ्राला ते वाचून दाखवलं. "मम्मा, दॅट्स नॉट ईव्हन अ रिलेशन!" ती हसत सुटली.

मला हसू येईना. त्यातली मैत्रीण म्हणजे मी. आणि हे त्या बाईला हानशिवाय कोण कळवणार होतं? तेही माझं खोटं उघडं पडल्यावर तासाभरात. मी उठले आणि भर ऑफिसात हानच्या गळ्यात पडून रडले.