भिंतीपलीकडचे सर

मित्रांनो, मी एक जुना लाकडी फळा. सध्या मुक्काम शाळेच्या अडगळीत, भिंतीकडे तोंड करून. शिक्षा झालेल्या मुलासारखा म्हणा ना!

सुताराने फळ्या जोडून मला घडवलं, काळा रंग दिला आणि नववीच्या वर्गात ठोकलं. माझी पाठ ज्या भिंतीला टेकली, तिच्या पलीकडे दुसरा वर्ग होता. तिथे भूगोलाचे सर शिकवत. अलीकडे, माझ्यासमोर, भाषेच्या बाई. दोघं नवरा-बायको. सरांचा आवाज असा खणखणीत, की त्यांच्या नद्या आणि वादळं माझ्या पाठीतून थेट बाईंच्या वर्गात शिरत. बाई खडू थांबवून म्हणत, "जरा दम धरा रे, पलीकडे पूर आलाय." वर्ग खो खो हसे.

बाई हुशार, विद्यापीठात पहिल्या आलेल्या. दरवर्षी त्या एक कविता शिकवत. नवरा परतलेला नाही, तरी रोज दोन ताटं वाढणाऱ्या बाईची. माझ्यावर त्या सुबक अक्षरांत लिहीत, 'दुसरे ताट : आशेचे प्रतीक.' मुलं उतरवून घेत. परीक्षेत गुण मिळत. सगळं सुरळीत होतं.

एका सुट्टीच्या दिवशी सर चपला अडकवून बाहेर पडले, ते आलेच नाहीत. अपघात म्हणावा, तर देह नाही. निघून गेले म्हणावं, तर घरात भांडण नाही. बाईंच्या थोरल्या दिरांनी गावंच्या गावं पालथी घातली. हाती काही लागलं नाही.

बाई पुन्हा शिकवू लागल्या. पण मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा झाला, की त्या माझ्याजवळ येत आणि माझ्यावर कान टेकवून उभ्या राहत. मित्रांनो, माझ्यावरून कितीतरी हात फिरले, पण तो गार कान मला अजून जाणवतो. खरं सांगू? कधी कधी पलीकडून मलाही नद्यांची नावं ऐकू येत. आणि पलीकडच्या वर्गात तर चिटपाखरू नसे.

मग त्या कवितेची पाळी आली. बाईंनी 'दुसरे ताट' एवढंच लिहिलं आणि खडू अडला.

"प्रतीक-बितीक काही नसतं," त्या म्हणाल्या. "मीही वाढते रोज. भात गार होईपर्यंत बसून राहते."

त्या बोलत राहिल्या, रडत राहिल्या. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही. पुस्तक उघडलंच जाईना. मुख्याध्यापिका दारातून हळूच म्हणाल्या, "थोडी रजा घेतेस का गं?"

तेव्हा पुढच्या बाकावरची एक मुलगी भीत भीत उठली. "बाई, कवितेतली बाई रडत नाहीये. ती ताट आदळते. तसंच लिहिलंय. ती चिडलीये ना?"

"कोणावर?"

"त्याच्यावर. सांगून नाही गेला म्हणून."

बाईंनी पुस्तक उघडलं. ओळीवरून बोट फिरत फिरत 'आदळले' या शब्दावर थांबलं. तो शब्द तिथेच होता. आधी तो पदवीच्या आड राहिला होता, आता दुःखाच्या आड.

एकाएकी त्या वळल्या आणि माझ्यावर मूठ आपटून ओरडल्या, "सांगून तरी जायचं होतं हो!"

खडूची धूळ उडाली. पलीकडचा वर्ग गप्प झाला. मग बाईंनी डोळे पुसले, मला पुसलं आणि अर्थ न लिहिता सबंध कविता लिहून काढली.

"आता तुम्ही वाचा," त्या म्हणाल्या. "मी ऐकते."

पुढे बाई निवृत्त झाल्या. पांढरे गुळगुळीत फळे आले आणि मी इथे आलो. मला पुन्हा रंग द्या, असं मी म्हणत नाही. मागणं एवढंच, की अर्थ उतरवून घेतलात, तरी कविता परत वाचा. आयुष्य शिकवतं खरं, पण त्याचं अक्षर फार गिचमिड असतं. ते लावायला कविता कामी येते.

आणि शिकवता शिकवता कोणी मध्येच थांबलं, तर चुळबुळ करू नका. त्या वेळी ते माणूस कुणाची तरी चाहूल घेत असतं.