मधलं पान

टेबलावर पाच पुस्तके होती. तीन प्रेमकथा, एक मुलांच्या गोष्टींचे आणि एक जाड, वैचारिक. पहिल्या चारांच्या कडा बोटांनी काळवंडल्या होत्या. पाचवे करकरीत होते.

"ते जाड मी टाकलं पिशवीत," सुबोध ओशाळून म्हणाला. "आई एवढंच घेऊन निघाली होती. हेडमास्तरीण होती हो ही, घाटकोपरच्या शाळेत."

"वाचायचंय ते आणा, असं फोनवर सांगितलं होतं," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "ते तुझ्या बाबांचं. मी फक्त झाडलंय ते, तीस वर्षं."

अनुपमा हसली. ज्यांना चष्म्याचा उपयोग होत नाही, त्यांना भिंगातून किती वाचता येते हे मोजणे, मुलुंडच्या या दवाखान्यातले तिचे काम होते. बाईंच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजला होता.

"स्पष्टच बोलतो," सुबोध म्हणाला. "वाचता येणार नसेल, तर पुस्तकांचं कपाट काढून तिथे मुलीचं टेबल बसवायचंय. श्रुतिका दहावीला आहे, पलंगावर बसून अभ्यास करते. एवढ्याशा घरात करणार काय? पण आई वाचत असेल तर हात नाही लावणार. शब्द दिलाय तिला."

बाईंनी पदर सारखा केला.

"मोज गं तू."

त्यांनी वरची प्रेमकथा उघडली. अनुपमाने घड्याळ लावले आणि ती त्यांच्या खांद्यामागे उभी राहिली.

"'तू पत्राला उत्तर दिलं नाहीस, तेच उत्तर समजलो मी,' शेखर म्हणाला. मीनलच्या ओंजळीतली बकुळ तशीच राहिली..."

वर्गात वाचावे तसा स्वच्छ आवाज. योग्य जागी थांबणे. बाईंनी पान उलटले. एकाऐवजी दोन पाने उलटली गेली. उघड्या पानावर मीनल सासरी पोचलीही होती. बाई मात्र तिला अजून अंगणातच उभी ठेवून वाचत होत्या.

घड्याळ वाजले.

"झकास!" सुबोध म्हणाला. "म्हणजे कपाट राहिलं. थांबा, श्रुतिकाला सांगतो." फोन कानाला लावत तो बाहेर गेला.

अनुपमा खुर्ची ओढून बाईंसमोर बसली.

"आजी, दोन पानं एकदम उलटली."

बाईंची बोटे कडेवर फिरली. एक पान, मग त्याखालचे.

"त्याला सांगशील?"

"मला खरा आकडा लिहावा लागेल."

"लिही. मी शाळेत कॉपी चालू दिली नाही कुणाची." त्यांनी पुस्तक मिटले. "पाठ आहे मला सगळं. पण त्यात काय गं, पुढे काय होणार ते ठाऊकच असतं."

अनुपमा उठली. बाहेर लहान मुलांसाठी ठेवलेल्या पुस्तकांतले एक पातळसे, नवे पुस्तक तिने आणले. दिवा जवळ घेतला, पानावर स्टँडचे भिंग ठेवले.

"हे वाचलेलं नाही ना? आता सरळ बघू नका. अक्षराच्या जरा वर बघा."

घड्याळ सुरू झाले. बाईंची मान तिरकी झाली. भिंग सरकले, मागे आले.

"म... मगरीला."

सुबोध दारात येऊन थांबला.

"रोज."

त्याने अनुपमाकडे पाहिले. ती घड्याळाकडे बघत राहिली.

"दात." भिंग दोनदा मागेपुढे झाले. मग, "घास... घासायचा."

घड्याळ वाजले. बाईंनी भिंग पुढे सरकवले.

"थांब गं जरा. कंटाळा येतो की राग, ते तरी कळू दे."

सुबोधने फोन खिशात टाकला आणि आवाज न करता मागच्या स्टुलावर बसला.

अनुपमाने लिहिले: दोन्ही डोळे, स्टँडचे भिंग, न वाचलेला मजकूर. मिनिटाला चार शब्द.