पेन्सिलीच्या दोन ओळी

ही पोरगी एक दिवस गुण उधळणार, हे मी तिसऱ्याच दिवशी ओळखलं होतं. तीन वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेत पीएचडीला आली. तोंडाने गोड, पण प्रत्येक गोष्टीत "असं का?" मी तिचं नाव शंकाबाई पाडलं. लोक कुत्री-मांजरं पाळतात, मी बावीस वर्षं कॅन्सरच्या पेशी पाळतेय. मला कुणी शिकवलेलं खपत नाही.

आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणजे सर, त्यांचं नाव झालं ते एका प्रयोगावर. पेशींना तासभर बेचाळीस अंशांचा ताप द्यायचा. त्या तणावाने पेशी सावध होतात आणि नंतर औषध टाकलं तरी तग धरतात. ताप न दिलेल्या पेशी, म्हणजे कंट्रोल, त्याच औषधाने पटापट मरतात. बारा वर्षांपूर्वी तो प्रयोग मी या हातांनी केलाय. शंकाबाईने सहा वेळा केला आणि सहाही वेळा दोन्हीकडच्या पेशी सारख्याच तगल्या. "हातच नीट नाही तुझा," मी म्हटलं. मग त्या प्रयोगाबद्दल संस्थेकडे तक्रार गेली, चौकशी समिती बसली. तक्रार कुणी केली, हे सांगायला मला ज्योतिषी नको होता.

त्याच आठवड्यात मी तिला रंगेहाथ पकडलं. कपाटातली माझी त्या प्रयोगाची जुनी वही टेबलावर उघडी, आणि ही बया मोबाइलने फोटो काढतेय! माझं डोकंच फिरलं.

"पूस ते. माझ्यासमोर पूस."

"ताई, ऐका तर..."

"आधी पूस! कचऱ्याच्या फोल्डरमधूनही काढ. मला दूधखुळी समजू नकोस."

तिने पुसले. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मला नाटक वाटलं. जाताना म्हणाली, "निदान ते पान वाचा तरी."

वाचलं. माझंच अक्षर होतं: "कंट्रोल – मीडियम थेट फ्रिजमधून." मीडियम म्हणजे पेशींचं खाणं, लालसर पाणी, ते कोमट करून घालायचं असतं. पण आमच्या तेव्हाच्या गरम पाण्याच्या टाकीत एकच बाटली मावायची. ती ताप दिलेल्या पेशींना गेली. कंट्रोलला मी गारच ओतलं होतं, आणि तसं इमानदारीत लिहूनही ठेवलं होतं. त्याखाली पेन्सिलीने, सरांच्या बारीक अक्षरात दोन ओळी होत्या: "कोमट मीडियम घालून पुन्हा केला. फरक दिसत नाही."

म्हणजे माझ्या कंट्रोलच्या पेशी औषधाने नाही, गारठ्याने मेल्या होत्या, आणि सरांना ते तेव्हाच कळलं होतं? छे, सर असं करणार नाहीत. काहीतरी कारण असेल. मी वही उचलली आणि तडक त्यांच्या खोलीत गेले. आणखी कुणी फोटो काढायच्या आत ती सरांच्या हाती गेलेली बरी.

"बरं केलंस," सर म्हणाले. माझ्या मुलीच्या परीक्षेची चौकशी केली. "राहू दे इथे. उद्या देतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी वही माझ्या टेबलावर होती. तिच्यावर समितीचा लिफाफा. मुख्य संशोधकांच्या, म्हणजे सरांच्या, खुलाशानुसार तंत्रज्ञाने त्यांच्या नकळत थंड मीडियम वापरले होते. तंत्रज्ञाने, म्हणजे मी, अकरा वाजता मूळ वही घेऊन हजर राहायचं आणि नोकरीवरून का काढू नये ते सांगायचं.

मी पान उघडलं. माझी ओळ शाईत, ठसठशीत. खालची जागा मोकळी, बाकीच्या पानापेक्षा पांढरी. शिवणीत खोडरबराचा चुरा अडकला होता.

मला रडू नाही आलं, संताप आला. सरांचा आला, आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा. पुरावा होता, आणि तो मी उभं राहून पुसून घेतला होता.

शंकाबाई पेशींच्या खोलीत काम करत होती. मी वही तिच्यापुढे ठेवली. पान बघून ती काय ते समजली.

"तक्रार तूच केलीस ना?" तरीही माझ्या तोंडून निघालंच.

"नाही. बाहेरच्या दोन प्रयोगशाळांना हा प्रयोग जमला नाही, त्यांनी केली. मी सरांना विचारलं, तर म्हणाले, ताईंकडून काही चूक झाली असेल. सगळं तुमच्यावर येणार असं वाटलं, म्हणून वही बघायला गेले."

"फोटो?"

"गेले, ताई. तुम्हीच तर..."

"माहितीये. चुकलं गं माझं."

घड्याळात दहा पन्नास झाले होते.

"त्या ओळी मी वाचल्यात," ती म्हणाली. "मी सांगते समितीला."

"वेड लागलंय? तुझ्या प्रबंधावर सही त्यांचीच लागते. तीन वर्षं पाण्यात जातील!"

तिने समोरच्या पेशींच्या बशा उचलल्या.

"सरका जरा, ताई. यांना आधी उबेत ठेवते, गारठतील."

बशा इन्क्युबेटरमध्ये गेल्या. तिने हातमोजे काढले, वही काखेत मारली आणि दार उघडून माझ्यासाठी थांबली. मी वही परत मागितली नाही.