टेकडीच्या बसचं गणित

मित्रांनो, परीक्षेला जाताना तुम्ही काखेत मारता ना, त्या पॅडाचा मी थोरला भाऊ! लाकडी फळीचा, वर पोलादी चिमटा. कारखान्यातून निघालो तो थेट शहराच्या वाहतूक कचेरीत आलो आणि पाहणी करणाऱ्या ताईंच्या हाती पडलो. ताई बसथांब्यावर विचारत, "कुठे निघालात? बसला किती वेळ लागतो?" उत्तरं माझ्या छातीवर लिहिली जात. ऊन खाल्लं, वारा खाल्ला, चहाचे डाग मिरवले. पण एक कागद उडू दिला नाही!

कचेरीत एक गणिताचे सर होते. कोण चालेल, कोण सायकल काढेल, कोण बसने जाईल, हे ते आकडेमोड करून सांगत. नियम सोपा: ज्यात त्रास कमी, तेच माणूस निवडतो.

पण टेकडीवरच्या दवाखान्याच्या बसने सरांना चकवलं. चालत चाळीस मिनिटं, बसने बारा. गणित म्हणे, शंभरातले ऐंशी बसने जातील. जात होते जेमतेम दहा! कचेरीचे साहेब म्हणाले, "लोकांना बस नकोच. पुढच्या सोमवारपासून बंद!"

ताईंना ते पटेना. मला उचलून त्या तडक निघाल्या, थांबा सोडून थेट चढणीवर. तिथे एक मावशी गुडघा चोळत बसली होती. शेजारी डबा.

"मावशी, बस असताना ही पायपीट कशाला?"

"अगं, बस बारा मिनिटांत नेते, पण येते कधी? परवा तासभर खांबासारखी उभी होते. चाललं की निदान रस्ता तरी सरतो!"

"आणि बस बंदच झाली तर?"

मावशीने डबा मांडीवर ओढून घेतला. मग म्हणाली, "लेक दवाखान्यात आहे. ज्या दिवशी गुडघा अगदीच रुसतो, त्या दिवशी बसचाच आधार. ती गेली तर लेक उपाशी राहील गं."

ताईंनी कपाळावर हात मारला. "आम्ही शहाणे! बसने जाणाऱ्यांनाच विचारत बसलो."

दोन दिवसांत साठ चालणाऱ्यांची उत्तरं माझ्यावर चढली. सरांनी वाट पाहण्याची मिनिटं गणितात घेतली, तीही दुपटीने. कारण थांब्यावरचं एक मिनिट बसमधल्या दोन मिनिटांएवढं जड! मी टेबलावर श्वास रोखून पडलो होतो. उत्तर आलं: शंभरात अकरा!

"जुळलं! ताई, जुळलं!" सर खुर्चीवरून उठलेच. "आता दर दहा मिनिटांनी छोटी बस सोडली तर?" पुन्हा आकडेमोड. पंचावन्न!

साहेब कुरकुरले, "अर्ध्या तासाला एक भरत नाही, तिथे तीन सोडू?" पण उत्तरं वाचून म्हणाले, "बरं. महिनाभर पाहू."

सोमवारी दवाखान्याच्या दाराशी ताई मोजत होत्या, मी त्यांच्या हातात. पहिल्याच छोट्या बसमधून मावशी उतरली. "अगं पोरी, हात लावून बघ! आज डबा गरम आहे!"

आता माझा चिमटा सैल झालाय, कोपरे झिजलेत. कपाटावर असतो, कुणी धूळ पुसली की बरं वाटतं. मित्रांनो, तुमच्या पॅडाला जपा. आणि कुणासाठी काही ठरवणार असाल, तर जो रांगेत दिसत नाही त्याच्यापर्यंत चालत जा आणि त्यालाही विचारा.