विहिरीच्या अकरा पायऱ्या

"चालली! पोर चालली!" जुलैच्या भर उन्हात सारं गाव ओरडलं. पाव तासापूर्वी डावा पाय उचलता येत नसलेली माझी तेरा वर्षांची एलेनिया जुन्या दगडी विहिरीच्या अकरा पायऱ्या चढून वर आली. बायका रडल्या, मेंढपाळांनी टोप्या काढल्या आणि दृष्ट उतरवणाऱ्या त्सिया बोनाकाट्टाने भेटीदाखल आलेलं चीज पदराआड केलं. त्सिया म्हणजे मावशी. ही नेमकी कुणाची मावशी, ते सार्डिनियाच्या आमच्या डोंगरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

"दृष्ट जवळच्याचीच आहे!" ती दर रविवारी गरजायची, की सगळे एकमेकांकडे संशयाने बघायचे. "सुई आणि माझं पाणी एका घरात नांदत नाहीत!"

सुई म्हणजे शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी हिवाळ्यात सुरू केलेली इंजेक्शनं. आजार मल्टिपल स्क्लेरोसिस. शरीराची संरक्षक यंत्रणाच नसांवरचं वेष्टण कुरतडते. मुलांनाही होतो, आणि आमच्या बेटावर जरा जास्तच.

"सुईने चालली का ती? पाण्याने चालली," माझी बायको रेमेदिया म्हणाली. मी बेकरीवाला, असल्या प्रकारांना हसणारा. पण लेकीला चालताना पाहिलं आणि गप्प बसलो. इंजेक्शनं फ्रिजात पडून राहिली.

विधी ठरलेला. बापाने मुलीच्या अंगावर काळी घोंगडी घालायची, तासभर उन्हात बसवायचं. मग सावलीत विहिरीचं गार पाणी अंगावर आणि पाव तास जपमाळ.

ऑगस्टमध्ये एलेनिया भट्टीपाशी माझ्याबरोबर रोट्या लाटत होती. "बाबा, उजव्या डोळ्याने दिसत नाहीये." ती दाराशी वाऱ्यात जाऊन बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "दिसतंय परत. पण इथे तर त्सिया नाही!"

तिने स्वतःच डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"वेष्टण गेलेली नस तापली की अडखळते, निवली की पुन्हा काम करते," त्या म्हणाल्या. "पण आजार आत चालूच असतो बाळा. इंजेक्शनं घेतेस ना?"

एलेनियाने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

रविवारी घोंगडीचा तास भरला. त्सियाने घडा उचलला. एलेनिया म्हणाली, "आज तुमचं पाणी नको." पिशवीतून तिने घरच्या फ्रिजातल्या दोन बाटल्या काढल्या, सावलीत बसून डोक्यावर रिकाम्या केल्या. जपमाळ नाही, काही नाही. पाव तासाने उठली आणि अकराही पायऱ्या चढली.

"माझ्याच मंत्राचा अंमल आहे हा!" त्सिया किंचाळली.

"मग पोरीला आधी उन्हात का भाजतेस गं?" एका म्हाताऱ्या मेंढपाळाने विचारलं. "आणि जानेवारीत, ऊन नसतं तेव्हा तुझा मंत्र कुठे जातो?"

त्याच संध्याकाळी रेमेदियाने रडत रडत शहरात फोन केला.

ऑक्टोबरच्या तपासणीत मेंदूत तीन नवे डाग निघाले. इंजेक्शनं पुन्हा सुरू झाली, पण उजव्या डोळ्यापुढचं धुकं आता गारव्यातही जात नाही. डाग इंजेक्शनं चालू असती तरी पडले असते का, हे डॉक्टरीणबाई सांगू शकत नाहीत. मी मात्र रोज पहाटे भट्टी पेटवताना ते तीन डाग मोजतो.

कुणी तुमच्या डोळ्यांदेखत काही परत मिळवून दिलं, तर टाळ्या वाजवण्याआधी एवढंच विचारा, की ते काढून कुणी घेतलं होतं? आमच्या घरात हे एलेनियाने विचारलं.

"बाबा, दर रविवारी माझ्या अंगावर घोंगडी तुम्हीच घालायचात ना?"